पाणी ‘सोडलं’ आणि ‘सोडलं म्हणे’

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, नदी हाकेच्या अंतरावर. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. समोरच्या काकू जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, “कोयनेतनं आणखी पाणी सोडलं म्हणे.” त्या एका ‘म्हणे’त सगळं आलं. मी स्वतः पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलंय, खरं-खोटं तुम्ही बघा. माझ्या थोरल्या भावानं लगेच ओळखीत एक-दोन ठिकाणी फोन लावले आणि आम्ही धान्याची पोती वर चढवायला घेतली.

तासाभरात गल्लीतल्या बहुतेकांच्या फोनवर एक मजकूर येऊन पडला. “ॲक्च्युअली पाणी सोडलेलं नाही, घाबरू नका.” खाली कुणाचं नाव नव्हतं आणि वेळही नव्हती. पण वाक्याच्या तोंडाशी ‘ॲक्च्युअली’ होतं आणि त्यानं काम केलं. शेजारच्या घरातल्यांना वाटलं, आतली माहिती असलेल्या कुणीतरी लिहिलंय. त्यांनी गहू खालीच ठेवला. पहाटे त्यांच्या माजघरात गुडघाभर पाणी होतं. पुढे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे.

गहू भिजला तो एका शब्दामुळे, असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं मराठी शिकवून मला जे ध्यानात आलं नव्हतं, ते त्या रात्री आलं. काकूंच्या ‘म्हणे’नं आम्हाला चौकशी करायला लावली आणि त्या मजकुरातल्या ‘ॲक्च्युअली’नं शेजाऱ्यांची चौकशी थांबवली. मराठीच्या भवितव्यावर एवढं बोललं जातं, पाट्यांवर, शाळांवर, अभिजात दर्जावर. या छोट्या शब्दांकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. माझं म्हणणं असं की भाषेचं खरं नुकसान तिथंच होतंय.

‘ॲक्च्युअली’ हा शब्द वाईट नाही, उलट त्याचं घराणं मोठं आहे. लॅटिनमध्ये ‘आगेरे’ असं क्रियापद होतं. त्याचा जुना अर्थ गुरं हाकणं, पुढे चालवणं. त्यावरून करणं, घडवणं. संस्कृतातला ‘अज्’ हा धातू त्याचाच भाऊबंद, ‘अजति’ म्हणजे हाकतो. याच कुळात वेदांमधला ‘अज्र’ येतो, अर्थ शेत. आणि आपला शेतकरी सातबारा हातात घेऊन जो ‘एकर’ म्हणतो, तो इंग्रजीतून आलेला असला तरी याच वंशातला. ॲक्ट, ॲक्शन, एजंट, अजेंडा ही सगळी एका आईची लेकरं. ॲक्टरही त्यातलाच. १८४३ साली ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं, त्या गावाला हे नातं कळायला हरकत नाही.

‘ॲक्च्युअल’चा अर्थ घडला तो मध्ययुगातल्या तत्त्वचिंतकांच्या हातून. ॲरिस्टॉटलनं दोन अवस्था सांगितल्या होत्या. एखाद्या गोष्टीत जे होण्याची ताकद आहे ते एक, आणि जे होऊन समोर आहे ते दुसरं. हळदीचं बेणं घ्या. त्यात उगवायची ताकद आहे, पण पीक अजून नाही. रानात पानं डोलायला लागली की ती ताकद कामाला लागली. या दुसऱ्या अवस्थेला लॅटिनमध्ये ‘आक्तुस’ म्हणू लागले, म्हणजे केलेलं, घडलेलं. त्यावरून बनलेला शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पंधराव्या शतकात इंग्रज ‘ॲक्च्युअली’ म्हणायचा तेव्हा त्याला म्हणायचं असे की हे नुसतं शक्य नाही, हे झालेलं आहे. त्या शब्दामागे घडलेली कृती उभी असायची.

इथून दोन वाटा फुटल्या. जे घडतंय ते आत्ता घडतंय, म्हणून फ्रेंचमध्ये ‘आक्त्युएलमां’ म्हणजे सध्या. स्पॅनिशमध्ये आणि जर्मनमध्येही याच कुळातले शब्द ‘सध्या’, ‘ताजं’ असे अर्थ देतात. जे घडलं ते खरं, म्हणून इंग्रजीत ‘ॲक्च्युअली’ म्हणजे वास्तवात. पुढे अठराव्या शतकात तिथंही तो नुसत्या जोरासाठी, नवल दाखवायला वापरला जाऊ लागला. मग समोरच्याला खोडून काढायला आणि नकाराची धार बोथट करायला. आजचा इंग्रज “ॲक्च्युअली, मला नको” म्हणतो तेव्हा वास्तव वगैरे काही सांगत नसतो, फक्त नाही म्हणण्याआधी जरा घसा खाकरत असतो.

अर्थ असा घसरणं हा भाषेचा स्वभाव आहे, त्यात पाप नाही. आमच्याच भागात बघा ना. कोल्हापूर, मिरज, बेळगाव या पट्ट्यात ‘खरं’ हा शब्द ‘पण’ या अर्थानं सर्रास चालतो. “येतो म्हणाला, खरं आला नाही.” पुण्याचा माणूस हे ऐकून दोन क्षण थांबतो. सत्य सांगणारा शब्द खोडून काढणारा शब्द झाला, म्हणजे इंग्रजीत ‘ॲक्च्युअली’नं जो प्रवास केला तोच आपल्या ‘खरं’नं कृष्णाकाठी केला. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. जगात कुठंही, माणूस ‘खरं’ म्हणायला लागला की समजावं, त्याला आधीचं काहीतरी दुरुस्त करायचंय.

तर शब्दाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मराठीत आल्यावर तो जे करतो त्याच्याशी. तो एकाची जागा घेत नाही, सात-आठ जणांची घेतो.

वाळवा तालुक्यातल्या एका ऊस शेतकऱ्याशी मागच्या हंगामात बोलत होतो. ऊस रानात वाळत होता. ते म्हणाले, “वास्तविक तोड डिसेंबरात यायला पायजे हुती. प्रत्यक्षात फेब्रुवारी उजाडला. मुळात नोंदच उशिरा लागली. आणि खरं सांगायचं तर मीच चिटबॉयकडं दोनदा गेलो न्हाई.” (चिटबॉय म्हणजे उसाची नोंद आणि तोड बघणारा कारखान्याचा माणूस.) चार वाक्यं आणि प्रत्येकाच्या आरंभी एक शब्द. ‘वास्तविक’ म्हणजे नियमानं काय व्हायला हवं होतं. ‘प्रत्यक्षात’ म्हणजे डोळ्यांसमोर काय झालं, त्या शब्दात अक्ष आहे, डोळा आहे. ‘मुळात’ म्हणजे गोष्ट कुठून बिघडली, तिचं मूळ. आणि ‘खरं सांगायचं तर’ म्हणजे कबुली, जी सांगायला जीभ जड होते. त्या माणसानं चार शब्दांत कारखान्याची, व्यवस्थेची आणि स्वतःची चूक वेगवेगळ्या वाट्यांत वाढून ठेवली.

आता या चारही ठिकाणी ‘ॲक्च्युअली’ घालून बघा. ॲक्च्युअली तोड डिसेंबरात यायला हवी होती, ॲक्च्युअली फेब्रुवारी उजाडला, ॲक्च्युअली नोंद उशिरा लागली, ॲक्च्युअली मीच गेलो नाही. माहिती तीच राहिली, एक आकडाही हलला नाही. पण नियम, घटना, कारण आणि कबुली या चार वेगळ्या गोष्टी होत्या, त्या आता एका रांगेत सारख्या उंचीच्या झाल्या. ऐकणाऱ्याला त्या स्वतः उकलाव्या लागतात. कॉलेजात बारावीची मुलं माझ्याशी अशीच बोलतात. ती हुशार आहेत, पण गुंता उकलायचं काम ती सगळं ऐकणाऱ्यावर टाकतात आणि आपण टाकतोय हे त्यांना माहीत नसतं.

इतर इंग्रजी क्रियाविशेषणांबद्दल मी इतका कडक नाही. ‘जस्ट’ला ‘नुकतं’ आहे, ‘लिटरली’ला ‘अक्षरशः’ आहे. ‘अक्षरशः’चा आपणही चोथा केलेलाच आहे, त्यामुळे तिथं बोलायला तोंड नाही. ‘ऑलरेडी’ची बाजू तर मला बरीचशी पटते. मराठीत ‘आधीच’ म्हटलं की तक्रारीचा सूर लागतो. “आधीच उशीर, त्यात पाऊस.” नुसतं शांतपणे “हे काम होऊन गेलेलं आहे” एवढंच सांगायचं असेल, तर बोलणारा ‘ऑलरेडी’कडे वळतो. ‘केव्हाच’ आहे, पण त्यालाही थोडी अढी आहे. ‘ऑलरेडी’नं एक रिकामी जागा शोधली आणि तिथं तो राहायला आला. राहू दे.

हीच कसोटी फारसीतून आलेल्या शब्दांना लावावी. कारण असं बोललं की पहिला प्रश्न हमखास येतो, “मग ‘फक्त’ काय मराठी आहे?” नाही. ‘फक्त’ अरबीतून फारसीमार्गे आला. ‘हल्ली’, ‘अखेर’, ‘बिलकुल’, ‘जरूर’ तसेच आले. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, सरनौबताचा सेनापती. ते शब्द पदांचे, खात्यांचे, वस्तूंचे. ‘फक्त’ आणि ‘हल्ली’ मात्र बोलण्यात टिकले आणि आज ते आजीच्या ओव्यांइतके आपले वाटतात.

पण ते कसे टिकले? प्रत्येकानं मराठीत एकेक ठरावीक काम घेतलं. ‘हल्ली’ म्हणजे ‘आता’ नव्हे आणि ‘सध्या’ही नव्हे. “सध्या तो मिरजेत असतो” यात उद्या बदलण्याची शक्यता आहे. “हल्ली तो मिरजेत असतो” यात पूर्वी नसायचा ही आठवण आहे. ‘अखेर’ आला आणि वाट पाहणं सोबत घेऊन आला. “अखेर पाऊस आला” म्हणताना डोळे आभाळाकडे लागलेले दिवस ऐकू येतात. या परक्या शब्दांनी मराठीत भर घातली, असलेल्यांना हाकललं नाही. ‘ॲक्च्युअली’नं अजून कुठलं एक काम घेतलं आहे ते मला कुणी दाखवून द्यावं, मी त्याला दार उघडीन.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. गेल्या काही वर्षांत मराठीसाठी बरंच झालं. २०२० साली सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं अभिजात दर्जा दिला. त्याआधी, राज्य झाल्यापासून, परिभाषेचं काम चालू होतंच. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाईला विश्वकोश उभा राहिला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या माणसानं त्यात आयुष्याची वर्षं घातली. या कामाविषयी मला नितांत आदर आहे. पण नीट पाहा, पाट्या असोत, पदनामं असोत की पारिभाषिक संज्ञा असोत, हा सगळा लढा नामांचा आहे.

आणि नामं ही भाषेची सर्वांत चिवट गोष्ट नाही. ती येतात आणि जातात. बस, तिकीट, टेबल, मोबाईल आल्यानं मराठीचं काहीही बिघडलं नाही, वस्तू आली तर तिचं नाव येणारच. ‘मोबाईल’ला ‘भ्रमणध्वनी’ म्हणायला लावण्यात जी शक्ती आपण खर्च केली, ती वाया गेली असं माझं स्पष्ट मत आहे. वाक्याला कणा देतात ती नामं नव्हेत. मला हे कसं कळलं, मी हे किती खात्रीनं सांगतोय, हे व्हायला हवं होतं की झालं, हे आत्ताचं की मघाचं, ही उत्तरं ‘म्हणे’, ‘बहुधा’, ‘निदान’, ‘तूर्त’, ‘एरवी’, ‘नेमकं’, ‘प्रत्यक्षात’ असल्या शब्दांत असतात. पाटीवर यातला एकही शब्द नसतो, म्हणून पाटीच्या लढाईत ते कुणाला दिसत नाहीत.

हे नुसतं भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नाही. एका कार्यालयात मी रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारी बाई, नुकसानभरपाईचे पैसे आले का विचारायला आलेल्या, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक. खिडकीतला तरुण मुलगा भला होता, आवाज चढवला नाही, संगणकात बघून म्हणाला, “मावशी, ॲक्च्युअली तुमचं ऑलरेडी प्रोसेस झालंय, बेसिकली वरनं क्लिअर व्हायचंय.” त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे आलं का न्हाई, बाळा?” तो परत तेच म्हणाला. तिसऱ्या वेळी मागून कुणीतरी सांगितलं, “मावशी, अजून आलं न्हाई. कागद पुढं गेलाय.” त्यांचा चेहरा सैल झाला. वाईट बातमी होती, पण कळली होती. ‘अजून’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द त्या मुलाला सहज सांगता आले असते. ते त्याला येत नव्हते असं नाही, ते वापरायची सवय गेली होती. ‘प्रोसेस’ हे नाम तिथं अडलं नव्हतं, मावशींनी ते निभावून नेलं असतं. अडलं होतं ते काळाचं आणि खात्रीचं.

पुराच्या दिवसांत हाच प्रश्न जिवाशी येतो. “ॲक्च्युअल लेव्हल बेचाळीस फूट” असं कुणी पाठवलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? आत्ताची पातळी, की अंदाज बाजूला ठेवून मोजलेली पातळी? फ्रेंच अर्थानं घ्यायचं की इंग्रजी? मराठीत ‘सध्याची’, ‘मोजलेली’, ‘अंदाजे’, ‘पहाटे चारची’ असे सरळ शब्द आहेत. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस ही धोका पातळी. म्हणजे सामान हलवायला मधे पाच फूट पाण्याएवढाच वेळ असतो. त्या पाच फुटांत ‘सध्या’ आणि ‘पहाटे चार वाजता’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून माझी मागणी पाट्यांपेक्षा वेगळी आहे. जिल्ह्यात पूर, पाऊस, भरपाई, पाणीवाटप यांबद्दल सरकारी यंत्रणेकडून जे काही मराठीत जातं, त्यात प्रत्येक आकड्याला एक काळाचा आणि एक खात्रीचा शब्द असावा. मोजलेलं की अंदाजे, सध्याचं की कधीचं, आदेश निघालाय की निघणार आहे. यासाठी कायदा लागत नाही, कोश लागत नाही, लिहिणाऱ्याला दोन शब्द जास्त लिहावे लागतात.

आणि दुसरी मागणी शाळेकडे. आपण पोरांना क्रियाविशेषण अव्यय शिकवतो ते कसं? कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, संख्यावाचक. पोरं प्रकार घोकतात, रिकाम्या जागा भरतात, गुण मिळवतात. पण ‘वास्तविक’ आणि ‘प्रत्यक्षात’ यांतला फरक ज्या शेतकऱ्याला न शिकता येतो, तो त्याच्या पदवीधर मुलाला येत नाही. हे चुकतंय, आणि ते शिकवणारे आम्ही चुकवतोय. व्याकरणाच्या तासाला प्रकार ओळखायला लावण्याऐवजी मुलांना एकच गोष्ट तीन तऱ्हांनी लिहायला सांगावी: पाहिलेली, ऐकलेली, अंदाजानं बांधलेली. ज्याला हे लिहिता येईल त्याला अफवा ओळखता येईल, कारण अफवेला कधीच ‘मी ऐकलं’ म्हणवत नाही.

गेल्या वर्षी मी हा प्रयोग माझ्या वर्गात केला. विषय दिला, ‘आमच्या घरातलं पुराचं पाणी’. बहुतेकांचं आधी गडबडलं, सगळी वाक्यं सारख्याच ठामपणे आली, जणू प्रत्येकजण दारात फूटपट्टी घेऊन उभा होता. परत लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं वही पुढे केली. तिनं लिहिलं होतं: “आई म्हणते पाणी खिडकीपर्यंत आलं होतं. मी तेव्हा आजोळी होते, मला ते आठवत नाही. भिंतीवरची खूण मात्र मी पाहिली आहे. ती खिडकीच्या थोडी खाली आहे.”